पाय टेकलेच पाहिजेत का?

अगं, परवा फोनवर तू “गुडघा जरा बोलायला लागलाय” म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. का बदललास तेही मला कळलं. आईच्या कानावर गेलं तर ती सायकल विकायला काढेल, आणि जावईबापूंच्या कानावर गेलं तर “मी म्हटलं नव्हतं?” ऐकावं लागेल. पण मला तरी नीट सांग. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या आत पुरी करून आलीस, आता 300ची तयारी करतेयस, आणि खंबाटकी घाट चढताना गुडघा ठणकतो. हे सांगण्यात लाजण्यासारखं काय आहे?

आधी एक काम कर. नुसतं “दुखतंय” म्हणू नकोस, नेमकं कुठे दुखतंय त्यावर बोट ठेव. वाटीच्या आसपास, पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा जड गिअर रेटलेला असतो. गुडघ्याच्या मागे, पाय मुडपतो तिथे ओढल्यासारखं होत असेल तर उलट सीट फार वर गेलेली असू शकते. बाहेरच्या कडेला दुखलं तर मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा कुरकुरतोय, आणि आतल्या कडेला दुखलं तर आधी क्लीटचा, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्याचा, कोन बघायचा. हे काही पंचांग नाही, अपवाद असतात. पण सुरुवात करायला एवढं पुरतं.

तुझं दुखणं पुढचं असणार, पैजेवर सांगते. जिना उतरताना कळ येते ना? सिनेमा बघून उठताना पहिली दोन पावलं लंगडतेस ना? मग आपण पुढच्या दुखण्याबद्दलच बोलू, कारण आपल्या बायकांमध्ये मला तेच जास्त दिसतं. आणि त्यामागचं एक कारण मला नेहमी दिसतं, पण त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

आपण सायकल शिकलो कशी, आठव. कोणीतरी मागून कॅरिअर धरलेलं आणि सगळ्यांचा एकच घोष, “पाय टेकतात ना? मग बस.” तेव्हापासून सीटवर बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला लागणं म्हणजे सुरक्षितता, हे डोक्यात पक्कं बसलंय. दुकानात गेलीस तरी तेच. मुलगा असेल तर त्याला गिअर किती ते सांगतात, आणि आपल्याला बघितलं की न विचारता पाना घेऊन सीट खाली करतात. महागडी, हलकी, 22 गिअरची सायकल घ्यायची आणि तिच्यावर लहान मुलीसारखं गुडघे दुमडून बसायचं!

त्याने होतं काय, ते बघ. सीट खाली असली की पेडल वरच्या टोकाला येतं तेव्हा गुडघा फार दुमडतो. दुमडलेल्या अवस्थेतच तू जोर लावतेस आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. एकदोनदा झालं तर तिला काहीच वाटत नाही. पण मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर दहा तासांच्या चालवण्यात एकेक गुडघा 48,000 वेळा दुमडतो आणि सरळ होतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाताना खपून गेलेली चूक 200 किलोमीटरवर खपत नाही.

तेव्हा उद्या सकाळी सीट बघ. सायकल भिंतीला टेकवून वर बस, चपला काढ आणि टाच पेडलवर ठेव. पेडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर घेतलास की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक येतो, आणि तेवढाच हवा असतो. आकड्यात हवं असेल तर सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब कर. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, दोन्ही पायांच्या मध्ये जाडसर पुस्तक घट्ट वर धर आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोज. ते माप गुणिले 0.883. माप 76 सेंटिमीटर आलं तर उत्तर साधारण 67. क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत एवढं अंतर. हा आकडा सगळ्यांना तंतोतंत लागू पडतो असं नाही, पण तुझी सीट त्याच्यापेक्षा चारपाच सेंटिमीटर खाली निघाली, तर डॉक्टरांकडे जायच्या आधी पाना शोध.

एकदम वर मात्र करू नकोस. सीटपोस्टवर आत्ता जिथे आहे तिथे इन्सुलेशन टेपचा वेढा घाल, म्हणजे परत यायची जागा कळेल. मग एका वेळी फार तर 5 मिलिमीटर, आणि दोनतीन राइड झाल्या की पुढचे 5. स्नायूंना नव्या उंचीची सवय व्हायला वेळ लागतो. सीटपोस्टवर कमाल मर्यादेची खूण कोरलेली असते, तिच्या वर जायचं नाही. कोणाला तरी मागून चालवायला सांग आणि तुझी कंबर सीटवर डावी-उजवी डुलतेय का ते बघायला लाव. डुलायला लागली की एक पायरी खाली ये.

आता तुझी खरी अडचण: “मग सिग्नलला पाय कसा टेकवू?” टेकवायचाच नाही, निदान सीटवर बसून नाही. थांबायच्या आधी एक पेडल खाली घे, त्या पायावर उभी राहा, सीटवरून पुढे घसरून दांडा दोन पायांच्या मध्ये घे आणि दुसरा पाय खाली टेकव. निघताना उलट. एक पेडल वर घे, त्यावर भार दे, सायकल हलली की सीटवर बस. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी दहा मिनिटं केलंस तर आठवड्यात अंगवळणी पडेल. मुलं हसतील, हसू देत. एवढं एक जमलं की सीट वर करायची भीती जाते, आणि मला विचारशील तर निम्मं दुखणंही तिथेच जातं.

दुसरी गोष्ट गिअरची. चढावर तू मोठ्या चेनरिंगवर दात-ओठ खात जातेस, मी मागून पाहिलंय. तुला वाटतं हलका गिअर म्हणजे हार. हिशेब बघ. पुढे 50 दाते, मागे 25, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वाचार मीटरच्या आसपास जाते. पुढे 34, मागे 32 घेतलंस तर सव्वादोन मीटर. ताशी 10 किलोमीटरने घाट चढायचा तर पहिल्या गिअरवर मिनिटाला 40 फेऱ्या होतात, दुसऱ्यावर 75. वेग तोच, घाट तोच. तेच कर्ज 40 हप्त्यांत फेडायचं की 75 हप्त्यांत, एवढाच प्रश्न आहे, आणि गुडघ्याला लहान हप्ता परवडतो. सपाटीला 80 ते 90 फेऱ्या, चढावर 70च्या खाली जायला लागलं की गिअर उतरव. आणि चढ सुरू व्हायच्या आधी उतरव, चेन ताणलेली असताना नाही. सर्वात हलका गिअर लावूनही पसरणीच्या घाटात पाय अडकत असतील तर मागची कॅसेट मोठी बसवून घे. तो खर्च गुडघ्याच्या औषधपाण्यापुढे काहीच नाही.

उंचीने कमी असणाऱ्यांसाठी आणखी एक. बऱ्याच सायकलींना क्रँक 170 मिलिमीटरचा येतो. तुझ्यामाझ्या उंचीला 165 जास्त सोयीचा, कारण वरच्या टोकाला गुडघा कमी दुमडतो. लगेच बदल असं म्हणत नाही. सीट आणि गिअर सुधारूनही वाटी कुरकुरत राहिली तर विचार कर.

क्लीटचे बूट तू नवीनच घेतलेस. क्लीट हलवण्याआधी बुटाच्या तळव्यावर तिच्या कडेने मार्करने रेघ मार. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळीला 6 अंश खेळ असतो, निळीला 2 आणि लालला शून्य. तू पिवळीच घे. लाल लावून मिरवणाऱ्यांचं ऐकू नकोस, त्यांचे गुडघे त्यांना लखलाभ.

आता राइडच्या दिवसाचं. डिसेंबरात पहाटे निघतेस तेव्हा वर जॅकेट असतं आणि गुडघे उघडे. नी-वॉर्मर घाल, आणि पहिला अर्धा तास हलक्या गिअरवरच चालव, पुढचे कितीही सुटू देत. मध्येच दुखायला लागलं तर थांबून आधी टेपची खूण बघ. सीटपोस्ट हळूहळू खाली सरकलेला असतो आणि आपण गुडघ्याला दोष देत बसतो. आणि रविवारी मोठी राइड झाली की सोमवारी मैत्रिणींबरोबर सिंहगड नको. चढणं एक वेळ ठीक, पण उतरताना वाटीवर जो भार येतो तो दुखऱ्या गुडघ्याला सोसत नाही.

गोळी खाऊन पुढे जायचं नाही. हे मी जरा आवाज चढवून सांगतेय. घाम गेलाय, पाणी कमी पडलंय, आणि त्यात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो. शिवाय दुखणं दबलं की तू त्याच गुडघ्यावर आणखी शंभर किलोमीटर मारशील. माझा नियम साधा आहे. दुखतंय पण पेडल मारण्याची ढब बदललेली नाही, तर गिअर हलका करून जा. दुखणं वाचवायला पाय वाकडा पडतोय, एकाच पायाने जोर लागतोय, तर पुढच्या कंट्रोलवर, म्हणजे शिक्का मारायच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्ड खिशात घाल आणि टेम्पो बघ. अर्धवट सोडल्याचं वाईट वाटतं, मान्य. पण बर्नार इनोसारख्या दिग्गज सायकलपटूने 1980च्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी अंगावर असताना गुडघ्यापायी पो गावातून माघार घेतली होती. त्याच वर्षी सालांशला तो जगज्जेता झाला. 1983 साली तर गुडघ्यामुळे तो टूरला उतरलाच नाही, आणि 1985मध्ये पाचव्यांदा टूर जिंकला. तुझ्या माझ्या 300ला कोण विचारतो?

तेल लावून चोळायचं असेल तर खुशाल चोळ, बरं वाटतं. राइडनंतर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फही ठेव. पण तेलाने सीट वर होत नाही आणि इलॅस्टिकच्या नी-कॅपने मांडीत ताकद येत नाही. ती घरी कमवावी लागते, आणि चाळिशी जवळ आली की जास्तच, कारण स्नायू आपसूक कमी होत जातात. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभी राहा. दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला लावायची आणि परत वर. गुडघा आत झुकू द्यायचा नाही, वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. ते करून झालं की उताणी झोपून, गुडघे मुडपून कंबर वर उचल. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचल. कुल्ल्याचे स्नायू लुळे असले की गुडघा आत पडतो, म्हणून हे. आठवड्यातून तीनदा कर, आणि फरक पडायला 6 ते 8 आठवडे लागतात हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर दहाव्या दिवशी फोन करशील. खोल बैठका मात्र सध्या नकोत, आणि फरशी उकिडवं बसून पुसायचीही गरज नाही. घरात दोन धडधाकट माणसं आहेत.

एवढं सगळं घरचं झालं, पण काही गोष्टींत माझं ऐकायचं नाही, डॉक्टरांचं ऐकायचं. गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला, चालताना दगा दिला, पडल्यावर त्या पायावर भारच देता येईना किंवा रात्री झोपेतून उठवायला लागला, तर वाट बघू नकोस. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखव. बाकी साध्या दुखण्याला खेळाडूंचा अनुभव असलेला फिजिओ गाठ, आणि त्याला सायकलसकट भेट. नुसता गुडघा घेऊन गेलीस तर त्याला निम्मंच दिसेल. “सायकल बंद करा” एवढंच सांगणारा भेटला तर दुसरा शोध. आणि उठसूट एमआरआयच्या मागे लागू नकोस. लागेल तेव्हा तेच सांगतील.

300 या महिन्यात करू नकोस. पुढेही असते, वीस तास तेव्हाही मिळतात. तोवर आठवड्याचं अंतर थोडं थोडं वाढव, आणि तीन आठवडे वाढवलंस की चौथा हलका ठेव. एसआर, म्हणजे सुपर रँडोनर, पदवीसाठी 200, 300, 400, 600 एकाच हंगामात व्हायला लागतात हे मला माहीत आहे, आणि तुझ्या डोक्यात काय चाललंय तेही. पण हंगाम दरवर्षी येतो.

रविवारी सकाळी सायकल घेऊन माझ्याकडे ये. मी मागून चालवते आणि तुझी कंबर डुलतेय का ते बघते. येताना 5 नंबरची ऍलन की आण, माझी कोणीतरी नेली आहे.