शिक्षावहीतील दुसरा रकाना

चि. सौ. ताईस,

माध्यमिक विभागाची पर्यवेक्षिका म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे वर्तमान वाचून फार संतोष झाला. परंतु शाळेची शिस्त ढासळली असून यापुढे कडक धोरण ठेवावे असा कार्यकारिणीचा आग्रह आहे, असे जे तू त्याच पत्रात लिहिले आहेस, त्याने मन चिंतातुर झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांना शिक्षा देण्याचा अधिकार ज्याच्या हाती तीस वर्षे होता, त्याने आधी आपला अपराध कबूल करावा हे बरे. एका पावसाळ्यात, प्रार्थनेनंतर येणाऱ्यास फाटकाबाहेर ठेवण्याचा नियम मी जारी केला. पहिल्याच आठवड्यात, चार कोसांवरच्या खेड्यातून एस.टी.ने येणारा नववीतला एक मुलगा ओलाचिंब होऊन पोहोचला. मी त्यास काहीएक न विचारता परत पाठविले आणि वहीत त्याचे नाव टिपले. पाचच मिनिटांनी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचे चिरंजीव आले, शिपायाने फाटक उघडले, आणि खिडकीतून ते पाहत असूनही मी स्वस्थ बसलो. रस्त्यापलीकडे परतीच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या मुलानेही ते पाहिले. पुढे दहावी होईपर्यंत तो एकदाही उशिरा आला नाही, आणि माझ्या तासाला त्याने एकदाही हात वर केला नाही.

त्या प्रसंगाने मला जे शिकविले ते असे की, पक्षपात शिक्षांच्या यादीत शोधू गेल्यास सापडत नाही, कारण ज्यांस शिक्षा होते त्यांचा अपराध बहुधा खराच असतो. पक्षपात दडून बसतो तो माफीत. म्हणून शिक्षावहीत दुसरा रकाना आख, आणि कोणास सोडले, कोणत्या कारणास्तव व कोणाच्या शिफारशीवरून, हे तीत त्याच दिवशी लिहून खाली सही कर. शिफारस वहीत नोंदली जाते हे एकदा कळले की पुष्कळ शिफारशी ओठांतच राहतात, हा माझा नंतरच्या वर्षांचा अनुभव आहे.

मात्र सर्वांस एकच शिक्षा म्हणजे न्याय, या भ्रमातही राहू नकोस. जिची एस.टी. चुकली ती मुलगी आणि जो चहाच्या टपरीवर रेंगाळला तो मुलगा, या दोघांस एकाच दंडाने मोजणे हा आळस होय. सारखी असावी ती चौकशी. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथील विद्यार्थ्यांस त्यांचे म्हणणे न ऐकता निलंबित केल्याचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७५ साली न्यायालयाने ठरविले की निलंबन १० दिवसांपर्यंतचेच असले तरी विद्यार्थ्यास आरोप सांगितला पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. हे ऐकणे पाच मिनिटांचे काम आहे. त्या पावसाळी सकाळी ती पाच मिनिटे मजजवळ होती.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. त्या कायद्याची मर्यादा चौदा वर्षे वयापर्यंतची, सबब आठवी ओलांडली की छडीस मोकळीक, असा अर्थ काढणारे सहकारी तुला भेटतील; एकाच जिन्याने चढणाऱ्या मुलांत असा भेद तू चालू देऊ नयेस. भर प्रार्थनेत नाव पुकारून उभे करणे हाही छळच आहे. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा जो रकाना असतो, तो भरताना लेखणी जपून चालव. तो कागद मुलाबरोबर फार दूरवर जातो.

कार्यकारिणीस नकार देणे तुला जड जाईल, हे मी जाणतो. त्यांना एवढेच सांग की नियम कडक असावेत हे मान्य, पण ते फाटकाच्या दोन्ही बाजूंस सारखे लागू होतील. आणि हे सांगशील तेव्हा इतिवृत्तात त्याची नोंद घ्यावयास लाव.

दिवाळीस येशील तेव्हा माझी त्या काळातील वही काढून ठेवीन. त्या सकाळच्या पानावर एकच नाव आहे.

तुझा,
मामा