रोखलेले बोट

भिंतीवर एक मोठे चित्र लावलेले आहे. चित्रात उंच टोपी घातलेला एक म्हातारा आहे. टोपीच्या निळ्या पट्ट्यावर पांढरे तारे आहेत. केस पांढरे, हनुवटीवर पांढरी दाढी, अंगात निळा कोट. त्याच्या भुवया जवळ आल्या आहेत आणि नजर करारी आहे. त्याचे बोट सरळ चित्र पाहणाऱ्यावर रोखलेले आहे. खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे, ‘अमेरिकेच्या सैन्यासाठी मला तू हवा आहेस.’

हा म्हातारा म्हणजे ‘अंकल सॅम’. तो खरा माणूस नाही. अमेरिका या देशाला चित्रात दाखवायचे असेल, तर तिकडचे चित्रकार अंकल सॅम काढतात. पण त्याला हा चेहरा, ही नजर आणि हे रोखलेले बोट दिले ते जेम्स माँटगोमेरी फ्लॅग या चित्रकाराने.

फ्लॅग यांचा जन्म १८ जून १८७७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पेलहॅम मॅनॉर या गावी झाला. चित्रे काढण्याचा नाद त्यांना लहानपणापासूनच होता. बाराव्या वर्षी त्यांनी आपले एक चित्र ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकाला दहा डॉलरला विकले. चौदाव्या वर्षी त्यांची चित्रे ‘लाइफ’ या विनोदी साप्ताहिकात येऊ लागली आणि पंधराव्या वर्षी ते ‘जज’ या साप्ताहिकाचे नेहमीचे चित्रकार झाले. तुमच्या वयाचा मुलगा चित्रे काढून पैसे मिळवत होता! पुढे न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये आणि नंतर इंग्लंड व फ्रान्समध्ये त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले.

त्या काळी रेडिओ नव्हता आणि दूरदर्शनही नव्हते. लोक कथा वाचत, त्या मासिकांत आणि साप्ताहिकांत. प्रत्येक कथेला चित्र लागे, प्रत्येक अंकाला मुखपृष्ठ लागे. त्यामुळे चांगल्या चित्रकाराला कामाची कमतरता नव्हती. फ्लॅग यांचा हात अतिशय वेगवान होता. शाई आणि टाक घेऊन ते भराभर रेषा ओढत. अंक ठरलेल्या दिवशी निघायचा असतो. चित्रकाराला उशीर झाला, तर छापखाना थांबत नाही. ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले. अमेरिका सुरुवातीला युद्धात नव्हती. पण आपण तयारीत असावे, असे तिथल्या अनेकांना वाटत होते. ‘लेस्लीज वीकली’ या साप्ताहिकाने फ्लॅग यांच्याकडे मुखपृष्ठ मागितले. ते ६ जुलै १९१६ च्या अंकावर छापले गेले. त्यावर प्रश्न होता, ‘तयारीसाठी तुम्ही काय करीत आहात?’ बोट रोखणारा अंकल सॅम पहिल्यांदा दिसला तो असा, साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर.

बोट रोखण्याची कल्पना मात्र फ्लॅग यांची नव्हती. ती इंग्लंडमधून आली होती. आल्फ्रेड लीट या इंग्रज चित्रकाराने सप्टेंबर १९१४ मध्ये ‘लंडन ओपिनियन’च्या मुखपृष्ठासाठी लॉर्ड किचनेर यांचे असेच बोट रोखलेले चित्र काढले होते. हे किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानातील सैन्याचे सरसेनापती होते आणि महायुद्धात इंग्लंडचे युद्धमंत्री झाले होते.

आता चेहरा कोणाचा घ्यावा? समोर बसायला माणूस शोधायचा, तर वेळ जाणार आणि पैसेही जाणार. फ्लॅग यांनी स्वतःचाच चेहरा घेतला. त्यात सुरकुत्या वाढवल्या, केस पांढरे केले आणि दाढी लावली. पुढे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या काटकसरीबद्दल त्यांचे गमतीने कौतुक केले होते.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने युद्ध पुकारले. सरकारला सैनिक हवे होते, पैसा हवा होता आणि लोकांची मनेही वळवायची होती. चार्ल्स डेना गिब्सन या नामवंत चित्रकाराच्या नेतृत्वाखाली चित्रकारांचा एक विभाग तयार झाला. तेथील चित्रकार मोबदला न घेता काम करीत. एकट्या फ्लॅग यांनी युद्धकाळात ४६ पोस्टर काढली. त्यांतले अंकल सॅमचे पोस्टर सर्वांत जास्त गाजले. १९१७ आणि १९१८ या दोन वर्षांत त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. पोस्टरच्या खालच्या बाजूला थोडी जागा कोरी ठेवलेली असे. प्रत्येक गावात तिथे जवळच्या भरती केंद्राचा पत्ता घालता येई.

या चित्रात एवढे काय आहे? समोरून पाहा, डावीकडून पाहा, उजवीकडून पाहा. म्हातारा तुमच्याकडेच पाहतो आहे असे वाटते. यात जादू नाही. डोळ्यांतील बुबुळे अगदी मध्ये काढली आणि चेहरा समोर ठेवला, की सपाट कागदावरची नजर सगळीकडून आपल्यावरच राहते. बोटाचेही तसेच. समोर रोखलेले बोट लांब दिसत नाही, त्याचे टोकच दिसते. असे बोट काढणे कठीण असते. एकदा काढून पाहा, म्हणजे कळेल.

आणखी एक गोष्ट शब्दांत आहे. इंग्रजीत ‘यू’ हा एकच शब्द एका माणसालाही चालतो आणि हजारांनाही. मराठीत मात्र आपल्याला तू, तुम्ही आणि आपण यांतून निवडावे लागते. उर्दूतही तू, तुम आणि आप आहेतच. हे पोस्टर मराठीत किंवा उर्दूत करायचे असते, तर भाषांतर करणारा नक्कीच अडला असता. मला ‘तू’च बरोबर वाटते. बोट एकावरच रोखता येते.

त्याच काळात आपल्या देशातही सैन्यभरती चालू होती. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक आणि कामगार समुद्रापार गेले. भरतीसाठी उर्दूतही पोस्टर छापली गेली. एका पोस्टरवर गणवेश, रुपये आणि बंदूक दाखवून, हे कोण घेणार, असे विचारले होते. तिथे बोट नाही, दटावणे नाही. नोकरीचा सरळ सौदा आहे.

फ्लॅग यांच्या इतर पोस्टरांपैकी एकात अमेरिकेच्या झेंड्याचे कपडे घातलेली स्त्री नांगरलेल्या शेतात बी पेरताना दिसते. घरोघरी भाजीपाला पिकवा, असे ते पोस्टर सांगते. दुसऱ्या एकात वर्तमानपत्रातील बातमी वाचून चिडलेला तरुण अंगातला कोट काढून लढायला निघाला आहे. काही चित्रकारांनी तर शत्रूला रानटी गोरिलाच्या रूपात दाखवले. अंकल सॅमच्या पोस्टरमध्ये शत्रू कुठेच नाही. त्यात खंदक नाहीत, विषारी वायू नाही, जखमी माणूसही नाही.

केवळ पोस्टरांनी सैन्य भरले, असेही झाले नाही. मे १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला आणि त्याखाली सुमारे २८ लाख तरुण सैन्यात घेतले गेले. युद्धात अमेरिकेचे सुमारे १ लाख १६ हजार सैनिक मरण पावले. त्यांतले निम्म्याहून अधिक गोळीने नव्हे, तर मुख्यतः रोगाने गेले.

युद्ध संपल्यावर फ्लॅग पुन्हा मासिकांकडे वळले. त्यांनी नट-नट्यांची चित्रे काढली, भरपूर पैसा आणि कीर्ती मिळवली. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा अंकल सॅम पुन्हा भिंतींवर आला आणि त्यांनी नवी पोस्टरही काढली. १९४६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धातील आपल्या कामाविषयी त्यात त्यांनी कडवट शब्द वापरले आहेत. लढायला जाण्याचे ज्यांचे वय उलटले होते, किंवा ज्यांना भीती वाटत होती, अशा आम्ही आमच्या कलेच्या जोरावर तरुणांना मरायला पाठवले, असा त्याचा आशय आहे. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा फ्लॅग चाळिशीला आले होते. २७ मे १९६० रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

शब्दार्थ
करारी – कडक, ठाम. टाक – शाईत बुडवून लिहिण्याची लेखणी. काटकसर – खर्च कमी करणे. मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा. खंदक – लढाईत आडोशासाठी खणलेला चर. आशय – म्हणण्याचा अर्थ

स्वाध्याय
१. फ्लॅग यांनी अंकल सॅमसाठी स्वतःचा चेहरा का वापरला?
२. पोस्टरवरील कोऱ्या जागेचा उपयोग काय होता?
३. उर्दू पोस्टर आणि अंकल सॅमचे पोस्टर यांत कोणता फरक आहे?
४. पोस्टरवरील वाक्यात तुम्ही ‘तू’ वापराल की ‘तुम्ही’? का?
५. आत्मचरित्रातील फ्लॅग यांचे म्हणणे तुम्हाला पटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.