परक्या घराचा जमाखर्च

प्रश्न : दुबईस्थित मालकाचा अलिबागचा बंगला मी पर्यटकांना दिवसांच्या बोलीने देतो. पदरचा खर्च भाड्यातून कापून घ्यावा काय?

उत्तर : अवश्य घ्यावा, १८७२ च्या करार कायद्याचे २१७ वे कलम मुखत्याराला रास्त खर्च वळता करून घेण्याचा अधिकार देते, परंतु त्याच कायद्याचे २१३ वे कलम मागणी होताच चोख हिशेब देण्याचे दायित्वही त्याच्यावर टाकते. म्हणून आरंभीच काही रक्कम तसलमात घ्यावी, विनापरवानगी खर्चाची मर्यादा लेखी ठरवावी आणि पावसाळ्याच्या तोंडी छप्पर शाकारण्यासारख्या मोठ्या कामाची मंजुरी आगाऊ मागावी. नारळ उतरविणारा पावती कोठून देणार? व्हाउचरवर त्याची तारखेसह सही वा अंगठा घ्यावा. धोब्याच्या चौदा चादरी मात्र ‘किरकोळ’ या सदरात कोंबू नयेत. दूरच्या मालकाचा संशय नेमका तेथेच जागा होतो.