बोर्डआधी रस्ता बघा

मुंबईत रे रोडच्या रस्त्यावर काय काय पडलेलं असतं, ते स्केटबोर्डवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दारूखान्यात जहाजं तोडतात, तिथून भंगाराचे ट्रक निघतात. लकडी बंदराच्या बाजूने लाकडाचे टेम्पो येतात. लोखंडाचे तुकडे, खिळे, ढलप्या, सांडलेलं ऑइल, पेव्हर ब्लॉकमधल्या फटी. चपलेखाली यातलं काही जाणवत नाही, पण बोर्डच्या चाकाला सगळं जाणवतं.

मी सर्फिंग गोव्यात, अश्वेच्या किनाऱ्यावर शिकले. मुंबईत परतल्यावर अंगातला तो तोल टिकावा म्हणून सर्फस्केट घेतला. दुकानात मला सांगितलं की लाटेच्या सगळ्यांत जवळ जाणारा बोर्ड हाच, आणि ते खरंही होतं. पुढे स्प्रिंगचा ट्रक (फळीला चाकं जोडणारा धातूचा भाग), छोटी फळी, कडक चाकं. आमच्या इमारतीच्या गुळगुळीत आवारात तो अप्रतिम वळायचा. मग मी त्याच्यावरून स्टेशनला जायला लागले. एका सकाळी एक पाय जमिनीवर मारून वेग घेत होते, चाक खडीवर अडलं, पुढचा ट्रक गर्रकन फिरला आणि मी हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. बोर्ड चांगलाच होता, तो त्या कामासाठी आणि त्या रस्त्यासाठी नव्हता. दुकानात ‘चालवणार कुठे?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. म्हणून आता मला कुणी ‘कुठला घेऊ?’ असं विचारलं की मी आधी तोच विचारते.

साध्या स्केटबोर्डचे दोन्ही ट्रक सारखे असतात आणि झुकलं की थोडेसेच वळतात. सर्फस्केटचा मागचा ट्रक तसाच स्थिर असतो, पुढचा मात्र फारच मोकळा फिरतो. त्यामुळे खांदे आणि कंबर फिरवत, पाय जमिनीला न लावता वेग काढता येतो. याला पंपिंग म्हणतात. १९९६ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात व्हेनिसला ग्रेग फॉक आणि नील कार्व्हर या दोघांनी समुद्र सपाट असतानाही लाटेचा भास मिळावा म्हणून ‘कार्व्हर’ बोर्ड काढले. मूळ हेतू सरावाचा होता, प्रवासाचा नव्हता. निवड करताना हे डोक्यात असलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

तुम्हाला लाटेचाच सराव करायचा असेल, म्हणजे खोल बसून घेतलेली लांब वळणं आणि मागच्या पायावर फिरणं, तर पुढे स्प्रिंगचा हात असलेला ट्रक घ्या. कार्व्हरचा सी-सेव्हन किंवा स्पेनच्या योव कंपनीचे ट्रक या जातीचे. त्यांना मोकळी, स्वच्छ जागा लागते, आणि पाय मारत सरळ जायचं म्हटलं की ते डळमळतात. तुम्हाला वळणाची मजाही हवी आणि थोडं अंतरही कापायचं असेल, तर स्प्रिंग नसलेला, कार्व्हरच्याच सीएक्ससारखा ट्रक बरा. तो हलका आहे, चटकन प्रतिसाद देतो आणि सरळ जाताना जास्त भरवशाचा वाटतो. मुंबईत बहुतेकांना मी हाच सुचवते. वांद्र्याला कार्टर रोडच्या स्केटपार्कमध्ये उतारांवर खेळायचं असेल, तर कार्व्हरच्या सी-फाइव्हसारखा बुटका आणि घट्ट ट्रक बघा.

पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्ण जिंकलं. तिचं नाव घेऊन आपल्या मुलीसाठी सर्फस्केट बघणारे पालक मला भेटतात. मुलीला उड्या मारायच्या असतील, रेलिंगवरून घसरायचं असेल, तर तिला साधा स्केटबोर्डच द्या. सर्फस्केटचा जड, सैल ट्रक उडीत साथ देत नाही.

फळीच्या लांबीपेक्षा दोन ट्रकमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जास्त महत्त्वाचं. कबड्डीत चढाई अडवायला आपण जसे पाय रोवून उभे राहतो, तसे उभे राहा आणि दोन पावलांमधलं अंतर मोजा. ट्रकच्या आतल्या बोल्टांमधलं अंतर साधारण त्याच्या आसपास हवं. पाच फूट चार-पाच इंच उंचीला १६ ते १७ इंच पुरतात. उंच माणसाने १८ किंवा त्याहून जास्त घ्यावं. कमी अंतराचा बोर्ड झटकन वळतो, पण वेगात अस्थिर होतो. नवशिक्याने अर्धा-एक इंच जास्तीचाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

चाकांबद्दल मात्र मी अजिबात तडजोड करू देत नाही. लालबाग-परळच्या चाळींतली मुलं फळीला जुनी बेअरिंगं ठोकून गाडी करायची. ते लोखंड थेट रस्त्यावर घासायचं, खडखडाट गल्लीभर ऐकू यायचा. अमेरिकेतही आधी लोखंडाची, मग मातीच्या मिश्रणाची चाकं होती, आणि छोट्याशा खड्यावरही ती अडायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाकं बाजारात आणली आणि हा खेळ बदलला. आपल्या रस्त्यांना ६५ ते ७० मिलिमीटरची, ७८ए च्या आसपासच्या कडकपणाची मऊ चाकं हवीत. पार्कच्या सिमेंटवर घसरणं हवं असेल तरच कडक घ्या. मोठी चाकं लावल्यावर पूर्ण झुकून बघा. चाक फळीला घासत असेल तर ट्रक आणि फळीच्या मध्ये रायझर, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, टाका, नाहीतर ते चालताचालता जाम होईल.

बेअरिंग ६०८ नंबरचं असतं आणि नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतं. इथली खारी हवा आणि लोखंडाची धूळ ते लवकर खाते. पावसात भिजलं तर त्याच दिवशी काढून पुसा आणि तेल द्या.

रे रोड स्थानकाजवळ २०२५ मध्ये केबलचा नवा पूल झाला. त्याचा उतार पोरांना खुणावतो. कळकळीने सांगते, तिथे जाऊ नका. पुढचा मोकळा ट्रक उताराच्या वेगात थरथरू लागतो, सावरता येत नाही, आणि मागून अवजड गाड्या येत असतात. बंद आवार, शाळेचं रिकामं पटांगण किंवा पहाटे माटुंग्याच्या पाच उद्यानांजवळची गल्ली शोधा.

जुना बोर्ड घेत असाल तर पुढचा ट्रक हाताने हलवून बघा. वळणं सोडून वरखाली खडखडत असेल, तर आतले भाग झिजलेत. बुशिंगला, म्हणजे ट्रकमधल्या मऊ कड्यांना, चिरा असतील तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. सगळं बजेट बोर्डवर उधळू नका. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड यांचे पैसे आधी बाजूला काढा, आणि उरतील त्यांत बोर्ड बघा.