स्फटिक एक की अनेक? : सेंद्रिय अर्धसंवाहक आणि ध्रुवित प्रकाश



इतिहासाच्या शिक्षकाने विज्ञानावर का लिहावे, असा प्रश्न आपणांस पडेल. पुरावा तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हा नियम दोन्ही विषयांत एकच आहे. अँथ्रासीनचा स्फटिक हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

अर्धसंवाहक म्हटले की सिलिकॉन आठवते. परंतु काही सेंद्रिय पदार्थांचे स्फटिकही अर्धसंवाहक असतात. १८३२ साली ड्यूमा व लोराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दगडी कोळशाच्या डांबरातून अँथ्रासीन वेगळे केले. त्याच्या रेणूत बेंझिनची तीन वलये एका ओळीत जोडलेली असतात. १९६३ साली न्यूयॉर्क येथे मार्टिन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्फटिकाला सुमारे ४०० व्होल्टचा विद्युतदाब दिला, तेव्हा त्यातून प्रकाश बाहेर पडला. आजच्या ओएलईडी पडद्यांच्या पूर्वेतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा आहे.

आता ध्रुवित प्रकाशाकडे वळू. साध्या प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाशी काटकोन करणाऱ्या सर्व दिशांनी होतात. ध्रुवकातून गेल्यावर त्यांपैकी एकाच दिशेची कंपने उरतात. हाच ध्रुवित प्रकाश. दोन ध्रुवक परस्परांशी काटकोनात धरले की पलीकडे अंधार होतो. त्यांच्यामध्ये अँथ्रासीनचा पातळ पापुद्रा ठेवला, की तो उजळून दिसतो. याचे कारण रेणूंच्या रचनेत आहे. ते चपटे, लांबट रेणू माशाच्या काट्यांप्रमाणे दोन ठरावीक दिशांना कललेले असतात. त्यामुळे प्रकाशाचा वेग आणि शोषण ही दोन्ही कंपनाच्या दिशेनुसार बदलतात. शोषणातील या भेदाची उपपत्ती सोव्हिएत शास्त्रज्ञ डेव्हिडोव्ह यांनी १९४८ साली मांडली.

हा पापुद्रा सावकाश फिरवावा. तो एकसंध स्फटिक असेल, तर दर ९० अंशांनी, म्हणजे एका फेरीत चार वेळा, संपूर्ण पापुद्रा एकदम काळवंडतो. अनेक स्फटिक चिकटून तो बनला असेल, तर एक भाग काळवंडतो तेव्हा दुसरा चमकत राहतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही पापुद्रे सारखेच दिसतात. मात्र स्फटिकांच्या सीमांवर विद्युतप्रभार अडतो. म्हणून पदार्थाची विद्युतवाहकता ठरविण्यापूर्वी ही परीक्षा आवश्यक असते. अन्यथा सीमांचा दोष पदार्थाच्या माथी मारला जाईल.

अँथ्रासीन नसले तरी अडत नाही. एलसीडी पडद्याचा प्रकाश ध्रुवित असतो. त्यावर पांढरे चित्र ठेवून ध्रुवक काचेचा चष्मा समोर धरा आणि पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मग मध्ये काचेवर साखरेचे दाणे ठेवा. अंधारात ते चमकतील. काच फिरवताच प्रत्येक दाणा आपापल्या वेळी मंदावेल.

एकाच बाजूने पाहून मत बनवू नये. वस्तू फिरवून पाहावी, मग बोलावे. प्रयोगशाळेतील हा धडा कागदपत्रे वाचणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.