भाड्याच्या घरातील ओल : निदान, उपाय आणि जबाबदारी

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव काळ्या जमिनीच्या प्रदेशात वसलेले आहे. वर्षभरातील बहुतांश पाऊस येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळी जमीन हे पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पिकांना उपकारक ठरणारा तिचा ओल धरून ठेवण्याचा गुण घरबांधणीस मात्र प्रतिकूल आहे. पाया वरखाली होतो, भिंतींना तडे जातात आणि त्या तड्यांतून पुढच्या पावसाचे पाणी आत शिरते.

अशा गावांतून शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि बँकेतील नोकरदार भाड्याच्या खोल्यांत राहतात. शेतीच्या उत्पन्नास जोड म्हणून दोन-चार खोल्या बांधून भाड्याने देणारी कुटुंबे असतात. ग्रामपंचायतीही स्वतःचे उत्पन्न वाढविण्यासाठी गाळे बांधून भाड्याने देतात. स्वतःच्या घराला ओल आली तर घरमालक लगेच गवंडी बोलावतो. भाड्याच्या घरात मात्र, निगा राखणे हे भाडेकरूचे काम आहे, असे मालक म्हणतो. आणि भिंत आपली नव्हे, असे भाडेकरू म्हणतो. या वादात दोन-तीन पावसाळे निघून जातात व शंभर-दोनशे रुपयांच्या कामाचा खर्च हजारांच्या घरात जातो.

आधी निदान, मग दुरुस्ती

ओल दिसताच नवा गिलावा करणे किंवा रंग देणे ही सर्वांत सामान्य चूक होय. पाण्याची वाट बंद झाल्याखेरीज वरचा लेप टिकत नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे धरतात. म्हणून पाणी कोठून येते हे प्रथम ठरविले पाहिजे. त्याच्या वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली वाट जमिनीची. विटा व माती यांच्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतील पाणी वर चढते. अशी ओल भिंतीच्या तळाशी आडव्या पट्ट्यासारखी दिसते, सामान्यतः सुमारे एक मीटर उंचीपर्यंत पोहोचते आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो. दुसरी वाट छताची. गच्चीवरील भेगा, तुंबलेले पन्हळ, सरकलेली कौले किंवा पत्र्यावरील खिळ्यांची भोके यांतून येणारे पाणी छतावर व भिंतीच्या वरच्या भागात डाग पाडते. पाऊस पडताच हा डाग वाढतो. तिसरी वाट न्हाणी, मोरी व नळाची. ही ओल ऋतू पाहत नाही. भर उन्हाळ्यातही भिंत ओली राहिली तर संशय प्रथम नळावर घ्यावा. चौथी वाट घरातील हवेची. स्वयंपाकाची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे यांची दमट हवा बंद खोलीत कोंडते व थंड भिंतीवर तिचे पाणी होते. कपाटामागे व कोपऱ्यात धरणारी काळी बुरशी ही तिची खूण होय.

संशय असल्यास एक सोपी परीक्षा करावी. कोरड्या फडक्याने भिंत पुसून सुमारे एक फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा व एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस दिसले तर ती खोलीतील हवेची आहे. पहिल्या प्रकारात गवंड्याचे काम आहे. दुसऱ्यात खिडकी उघडी ठेवणे व धुराडे मोकळे करणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

उपाययोजना

नवीन खोल्या बांधताना जोत्याची उंची सभोवारच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर ठेवावी आणि जोत्यावर भिंत उचलण्यापूर्वी ओलरोधक थर घालावा. सुमारे ४० मिलिमीटर जाडीच्या १:२:४ प्रमाणाच्या काँक्रीटमध्ये जलरोधक द्रव्य मिसळून हा थर देता येतो. काळ्या जमिनीत पाया पुरेसा खोल न्यावा आणि पायाभोवती मुरूम भरावा. अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर आकार दिलेल्या खांबांच्या पायाची पद्धत रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली आहे.

जुन्या घरात ओलरोधक थर नंतर घालणे कठीण व खर्चाचे असते. तेथे घराभोवती सुमारे एक मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. भिंतीला टेकून मातीचे ढीग, लाकडे वा शेणखत ठेवू नये. मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा कडक गिलावा दिल्यास आतील ओल कोंडते व गिलावा सुटतो. तेथे मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हितकर ठरतो.

गच्चीच्या बाबतीत पाण्याचा उतार आणि पन्हळाचे तोंड या दोन गोष्टी मे महिन्यातच तपासाव्यात. काँक्रीटच्या छतात पाणी मुरले की आतील लोखंडी सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट फुटून त्याचे तुकडे खाली पडतात. वर्गखोली वा झोपण्याची खोली असेल तर हा धोका जिवावर बेतू शकतो. ओल्या भिंतीतून गेलेली विजेची तार हाही तसाच धोका होय. तेथील वीजप्रवाह बंद करून तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

ओल ही आरोग्याचीही बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा होण्याचा धोका अधिक असतो, असे त्यांत नमूद आहे.

दुरुस्ती कोणाची ?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. भाडेकरूने वेगळा करार केलेला नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन या कायद्याच्या कलम १४ अन्वये मालकावर आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये. हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. अन्य ठिकाणी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १०८ व पक्षांमधील करार यांनुसार निर्णय होतो. म्हणूनच ग्रामीण भागात लेखी कराराचे महत्त्व अधिक आहे. छत, भिंत व जोते मालकाकडे; पन्हळ साफ ठेवणे, नळाची गळती तत्काळ कळविणे व खोली हवेशीर ठेवणे भाडेकरूकडे, अशी स्पष्ट वाटणी करारात असावी. ताबा देताना भिंतींची स्थिती लिहून दोघांनी सह्या कराव्यात, म्हणजे अनामत रक्कम परत करताना वाद राहत नाही.

दुरुस्तीची जबाबदारी अधांतरी राहिली की काय होते, हे मुंबईने अनुभवले आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने तेथील जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी ती टाळली व अनेक इमारती मोडकळीस आल्या. अखेर शासनाला १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र कायदा करून उपकराची व्यवस्था करावी लागली. वाजवी भाडे आणि वेळेवर दुरुस्ती या दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून आहेत, हा त्याचा बोध होय.

ग्रामपंचायतीची भूमिका

या प्रश्नात ग्रामपंचायत दोन नात्यांनी येते. गाळ्यांची मालक म्हणून तिने भाड्याच्या उत्पन्नातील काही भाग दरवर्षी दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गाळ्याची पाहणी करावी. गावाच्या रस्त्यांची व नाल्यांची व्यवस्था पाहणारी संस्था म्हणून तिची जबाबदारी याहून मोठी आहे. जुना रस्ता न उकरता त्यावरच काँक्रीटचा थर टाकला, की प्रत्येक वेळी रस्ता उंचावतो आणि लगतच्या घरांचे जोते खाली जाते. मग रस्त्याचे पाणी उंबऱ्यातून आत येते. त्यावर घरमालकाचा गवंडीही उपाय करू शकत नाही. रस्त्याचे अंदाजपत्रक मंजूर करताना शेजारच्या घरांच्या जोत्याची पातळी व नाल्याचा उतार तपासून घेतला, तर त्या गल्लीतील ओलीचे एक मोठे कारण मुळातच दूर होईल.