घटक ५ : ‘बंद’, ‘समायोजन’ आणि ‘आमची शाळा’ – एका सार्वजनिक वादाची भाषा

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रशासकीय मराठीची शब्दकळा आणि वाक्यरचना यांचा परिचय करून घेतला. प्रत्यक्ष सामाजिक संघर्षात ही भाषा कसे काम करते, हे या घटकात पाहावयाचे आहे. त्यासाठी कमी पटाच्या प्राथमिक शाळांचा प्रश्न उदाहरण म्हणून घेतला आहे. आपल्यापैकी अनेक जण अशाच शाळांतून शिकून पुढे आले आहेत. काही जणी अंगणवाडी सेविका म्हणून त्याच आवारात आज काम करीत आहेत. विषय ओळखीचा आहे म्हणून त्यातील भाषा आपल्याला दिसतेच असे नाही. ती दिसावी, हा या घटकाचा हेतू आहे.

५.२ वादाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचे ठरविले, तेव्हा कोकणात या प्रश्नाची झळ विशेष जाणवली. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार पुढे आला; पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळा त्यासाठी नमुना म्हणून दाखविण्यात आल्या. त्या वेळी राज्यात अशा सुमारे १४,८०० शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. भागाकार केल्यास एका शाळेत साडेबारा मुले येतात.

रत्नागिरी जिल्ह्यात पट का घटला, याचे एक उत्तर जनगणनेत आहे. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. चाकरमान्यांच्या वाटेची दोन्ही टोके एकाच वेळी विरळ होत होती, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. दरहजारी पुरुषांमागे स्त्रियांची संख्या २०११ मध्ये ११२२ होती. म्हणजे कमावते पुरुष बाहेर, हे चित्र तसेच होते. मात्र आता पूर्वीप्रमाणे बायकामुले गावी ठेवून पुरुषाने एकट्याने मुंबई गाठण्याचे दिवस सरत आले आहेत. कुटुंबच जाते, आणि पटावरचे नाव त्याच्याबरोबर जाते.

५.३ शब्दांकडे पाहताना

‘पट’ या शब्दापासून आरंभ करू. संस्कृतात पट म्हणजे वस्त्र, चित्र काढण्याचे कापड. मराठीत तो सोंगट्यांचा झाला, बुद्धिबळाचा झाला आणि शाळेत शिरून नावांच्या यादीचा झाला. ‘पटावर असणे’ म्हणजे शाळेचा विद्यार्थी असणे. येथवर पट हा मुलांचा आहे. ‘कमी पटाची शाळा’ या प्रयोगात मात्र मुलांची मोजणी शाळेचे विशेषण बनते, आणि विशेषण एकदा जडले की ते गुणवत्तेचा निवाडा करू लागते. ‘कमी पटाची’ हे हळूहळू ‘कमी प्रतीची’ असे ऐकू येऊ लागते.

‘समायोजन’ हा शब्द अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. शिक्षण खात्याच्या व्यवहारात तो प्रथम शिक्षकांसंबंधी रूढ झाला : अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन. तेथे त्याचा अर्थ स्पष्ट आहे. एका जागी काम उरले नाही, दुसऱ्या जागी सामावून घेतले. पुढे विद्यार्थ्यांचे समायोजन आले आणि शेवटी शाळेचेच. परंतु शाळा म्हणजे इमारत, परसबाग, पाण्याची टाकी, पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आणि मतदानाचे केंद्रही. यांपैकी कोणती गोष्ट कोणात सामावते? शब्द तोच राहिला, त्याचे कर्म बदलले. आणि कर्म बदलल्याचे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता क्रियापदे पाहा. ‘शाळा बंद पडली’, ‘शाळा बंद झाली’, ‘शाळा बंद केली’. गिरणी बंद पडते, घड्याळ बंद पडते. त्यात कोणाचा हात नसतो. ‘बंद केली’ म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘समायोजन करण्यात येत आहे’ या रचनेत क्रिया हेतुपूर्वक असल्याचे मान्य केलेले आहे, पण कर्ता मात्र वाक्याबाहेर ठेवला आहे. प्रशासकीय मराठीत ही रचना सर्वत्र आढळते आणि प्रत्येक वेळी ती लपवाछपवीसाठीच असते असे नाही. कार्यालय ही संस्था असते, व्यक्ती नसते. तरीही ज्या पत्राने एखाद्या वाडीतील सहा मुलांची वाट बदलणार आहे, त्या पत्रात कर्ता शोधण्याचा अधिकार वाचकाला आहे.

५.४ सभेतील भाषा

पुढील वाक्ये कोणत्याही एका सभेतील नाहीत. अशा ग्रामसभांत ऐकू येणाऱ्या बोलण्याच्या धाटणीवरून ती अभ्यासासाठी रचली आहेत.

‘ही आमची शाळा. आमच्या आजोबांनी चिरे वाहून बांधली.’
‘आपली शाळा टिकली पाहिजे, हे आपणच बघायला हवं.’
‘शाळा जिल्हा परिषदेची. शिक्षक देणं त्यांचं काम.’

मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतो, ‘आपण’ त्याला सामावून घेतो. हिंदीत किंवा इंग्रजीत हा भेद सर्वनामातून होत नाही. पहिला वक्ता ‘आमची’ म्हणतो तेव्हा समोर बसलेले अधिकारी परके ठरतात. जांभ्याच्या चिऱ्यांची आठवण हा त्याचा मालकीचा पुरावा आहे. दुसरे वाक्य सभेतील प्रत्येकाला जबाबदारीत ओढते. तिसऱ्यात ना ‘आम्ही’ आहे ना ‘आपण’. एकच गृहस्थ अर्ध्या तासात ही तिन्ही वाक्ये बोलू शकतो, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही.

एक वाक्य मात्र अशा सभेत सहसा कोणी उच्चारत नाही : ‘माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो.’ सकाळी वाडीच्या तोंडाशी पिवळी गाडी येते, तिच्यात पोरे बसतात, आणि संध्याकाळी त्यांचेच पालक शाळा वाचविण्याच्या निवेदनावर सही करतात. त्यांना दोष देण्याची मला घाई नाही. शेजारच्या मुलासाठी शाळा हवी असणे आणि स्वतःच्या मुलासाठी दुसरी हवी असणे या दोन इच्छा एका मनात नांदतात. परंतु वादाचा अभ्यास करताना जे बोलले गेले नाही त्याचीही नोंद करावी लागते. ज्यांच्यापाशी गाडीचे भाडे नाही, त्यांचीच मुले पटावर उरलेली असतात, आणि सभेत त्यांचा आवाज सर्वांत लहान असतो.

५.५ अंतराचा अर्थ

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावयास हवी. किलोमीटर हे निःसंदिग्ध माप आहे. कोकणातली वाट तशी नाही. येथे गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, मध्ये पऱ्ह्या, त्यावर साकव. मे महिन्यात हाकेच्या अंतरावर असलेली शाळा आषाढात दुसऱ्या तीरावर जाते. सड्यावरच्या धनगरवाड्यांची गोष्ट याहून कठीण. ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारले तर माणूस वाडीचे नाव सांगतो आणि कागद महसुली गावाचे नाव मागतो. या वादातील बरेचसे गैरसमज त्या दोन उत्तरांमधल्या जागेत उपजतात.

शाळेसाठी चालण्याचा या जिल्ह्याला जुना अनुभव आहे. धोंडो केशव कर्वे परीक्षेला बसण्यासाठी दापोली तालुक्यातील मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ही हकिकत ‘पूर्वीची मुले किती चालत’ असे सांगण्यासाठी वापरली जाते. खुद्द कर्व्यांनी तिच्यातून तसा बोध घेतलेला दिसत नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जिल्हा लोकल बोर्डाची शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी एक मंडळ स्थापन केले. मुलाने शाळेपर्यंत चालावे यापेक्षा शाळेने खेड्यापर्यंत यावे, हा त्यांचा पक्ष होता.

५.६ युक्तिवादांची पारख

शासनाच्या बाजूला जोर नाही असे समजू नका. चौथीत एकटीच बसणाऱ्या मुलीला कोणाशी वाद घालता येत नाही, कोणाची वही चोरून पाहता येत नाही; कबड्डीच्या दोन संघांना चौदा खेळाडू लागतात आणि शाळेत सहा असतात. भाषेचा अभ्यासक म्हणून मला हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, कारण मूल भाषा शिक्षकापेक्षा सवंगड्यांकडून अधिक उचलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान शाळांच्या एकाकीपणाची अडचण मांडली आहे. शाळा संकुलाची कल्पना तर कोठारी आयोगाइतकी, म्हणजे १९६४-६६ इतकी जुनी आहे. संकुलात मात्र शाळा आपापल्या जागी राहून ग्रंथालय, खेळ, शिक्षक यांची देवाणघेवाण करतात. ‘संकुल’ आणि ‘समूह’ हे शब्द जवळचे असले तरी पहिल्यात वाडीची शाळा राहते, दुसऱ्यात ती राहीलच असे नाही.

या युक्तिवादाच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. कमी पटाची शाळा आणि एकशिक्षकी शाळा या दोन गोष्टी त्यात एक मानल्या जातात. २००९ च्या अधिनियमाप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावयाचे आहेत. एकच शिक्षक चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती सांभाळीत असेल, तर तेथे जे बिघडते त्याचे कारण सहा मुले हे नव्हे.

दुसऱ्या बाजूचे गृहीतकही तपासा. ‘शाळा गेली तर गाव गेले’ असे म्हणताना कार्यकारणाची दिशा उलटलेली असू शकते. अनेक वाड्यांत गाव आधी गेले आहे. माझे मत विचाराल तर पहिली-दुसरीची मुले वाडीतच शिकावीत. घरची बोली, मग ती संगमेश्वरी असो वा अन्य, आणि पुस्तकाची प्रमाण मराठी यांमधला साकव त्याच दोन वर्षांत घातला जातो, आणि तो घरापासून फार दूर घालता येत नाही. वरच्या इयत्तांसाठी, गाडी खरोखर वाडीपर्यंत येणार असेल आणि श्रावणातही येणार असेल, तर एकत्रित शाळेला माझा विरोध नाही. हे मत आपण स्वीकारलेच पाहिजे असे नाही.

५.७ स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या गावातील एखाद्या शाळेविषयीचे शासकीय पत्र, वर्तमानपत्रातील बातमी किंवा ग्रामस्थांचे निवेदन मिळवा. त्यातील क्रियापदे अधोरेखित करून प्रत्येकाचा कर्ता कोण, हे समासात लिहा. कर्ता नसेल तेथे जागा रिकामी ठेवा. त्यानंतर त्या शाळेच्या पटावर आज नाव असलेल्या एका मुलाच्या आईशी बोला. शाळेविषयी बोलताना त्या ‘आमची’, ‘आपली’ की ‘त्यांची’ म्हणतात, ते त्यांच्याच शब्दांत टिपून पुढील संपर्कसत्राला आणा. त्यांची वाक्ये प्रमाण मराठीत सुधारू नयेत.